रानातलं फूल, झाड, फुलपाखरू ओळखायचं कसं? (सातारा-सांगलीवाल्यांसाठी)

सप्टेंबर लागला की आमच्याकडच्या सगळ्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच प्रकार सुरू होतो. कासला जाऊन आलेला कुणीतरी जांभळ्या फुलाचा वरनं काढलेला एकच फोटो टाकतो, खाली 'नाव सांगा', आणि मग जो तो आपापलं ठोकून देतो. अहो, कास पठारावर साडेआठशेच्या वर फुलणाऱ्या वनस्पतींची नोंद आहे, त्यात जांभळ्या-गुलाबी किती असतील विचार करा. रंगावरनं ओळखायला गेलं की घोळ ठरलेलाच. एकाच जातीत गडद, फिकट आणि कधी पांढरं फूल पण निघतं, त्यामुळं रंग सगळ्यात शेवटी बघायचा. हे लिहितोय ते बॉटनीवाल्यांसाठी नाही, बांधावर, सड्यावर (जांभ्या दगडाच्या उघड्या पठारावर) नाहीतर चांदोलीकडं जाताना काहीतरी दिसतं आणि नाव पाहिजे असतं अशांसाठी.

मेन सवय एकच लावून घ्या, आधी कुळ म्हणजे फॅमिली, मग जीनस म्हणजे त्यातला जवळच्या जातींचा गट, मग जमलं तर स्पिशीज म्हणजे नेमकी जात. लोक उलटीकडनं जातात, थेट स्पिशीजचं नाव शोधतात आणि मग फोटोशी फोटो जुळवत बसतात. कुळ कळलं की निम्मं काम झालं, पुढं काय बघायचं ते कुळच सांगतं.

त्यासाठी फोटो नीट पाहिजेत. फूल समोरनं, बाजूनं आणि मागनं, हे तिन्ही पाहिजेतच. मागची बाजू कुणीच काढत नाही आणि नेमकी तीच लागते. मग पान वरनं आणि खालनं, पानं खोडावर समोरासमोर आहेत का एकाआड एक ते दिसेल असा एक, अख्खं झाड एक, आणि आजूबाजूची जागा एक. शेजारी दहाचा कॉइन ठेवला तर साइज कळते, तो 27 मिलिमीटरचा असतो. फूल तोडायचं नाही, कासला तर बंदीच आहे, 2012 पासून ते जागतिक वारशात आहे. आणि फोटोसाठी सड्यावर लोळायचं पण नाही, जांभ्यावर मातीचा थर एवढा पातळ असतो की एक माणूस आडवा झाला की खालचं सगळं चेंगरतं.

जागा का सांगायची ते पण ऐका. सांगली एकच जिल्हा, पण शिराळ्याच्या पश्चिमेला चांदोलीचं पावसाचं जंगल आणि पूर्वेला जत-आटपाडीचा कोरडा माळ. फोटो जतच्या माळावरचा का वारणेच्या काठचा एवढं सांगितलं तरी निम्मी नावं आपोआप गळतात. तारीख, जागा आणि जमीन कसली, जांभा, काळी, का पाणी साठलेलं डबकं, हे सोबत लिहून ठेवा.

आता प्रॅक्टिस कशावर करायची? कासला जायची गरज नाही, केना घ्या. शेतकऱ्याला शिव्या द्यायला लावणारं तण, पावसाळ्यात सोयाबीनमधे हमखास, काही जण भाजी पण करतात. सकाळीच बघायचा कारण दुपारपर्यंत फूल मिटतं. फूल निळं, दोन पाकळ्या मोठ्या आणि तिसरी खाली बारकी, पटकन दिसत पण नाही. पाकळ्या तीनच्या हिशेबात आणि पानाच्या शिरा समांतर, म्हणजे हे एकदल, बियात एकच दल असणाऱ्यांतलं. आता फूल जिथनं बाहेर आलंय तिथं बघा, एक हिरवं दुमडलेलं पान असतं, कळ्या त्याच्या आत. ते हातात धरून बघा, खालच्या कडा एकमेकींना चिकटून नरसाळं झालेलं असेल, पान रुंद असेल आणि पानाच्या बुडाशी खोडाला गुंडाळलेल्या भागावर तांबूस केस असतील तर तो आपला नेहमीचा केना, कोमेलिना बेंगालेन्सिस. कडा सुट्या असतील, होडीसारखं उघडं असेल आणि पान लांबट असेल तर तो दुसरा, बहुतेक कोमेलिना डिफ्यूजा. म्हणजे निळं फूल तेच पण उत्तर त्या दुमडलेल्या पानात. अजून एक गंमत, नेहमीचा केना जमिनीखाली पण फुलं धरतो, ती कधी उघडतच नाहीत आणि तिथंच बी तयार होतं. वरचं कितीही खुरपलं तरी तो का जात नाही त्याचं हे एक कारण.

केना जमला की कासवरचे त्याचे भाऊबंद सोपे जातात. तिथं निळ्या-जांभळ्या तीन पाकळ्यांची फुलं ढिगानं असतात. भिंगातनं मधले पुंकेसर बघा, दहापट मोठं दाखवणारं साधं भिंग पुरतं. सहाच्या सहा चांगले, सगळ्यांना लोकरीसारखे केस आणि पाकळ्या मधेच एकमेकींना जोडून नळी झालेली असेल तर सायनोटिस, म्हणजे आभाळी-नभाळी ज्यातल्या त्या. पाकळ्या सुट्या, साधारण सारख्या, आणि दोन-तीनच पुंकेसर कामाचे बाकीचे वांझ, तर मुर्डानिया. हे जमलं तर ग्रुपवरच्या निम्म्या एक्स्पर्टांच्या पुढं गेलात.

तेरड्याचं पण असंच आहे. घराजवळ नाहीतर ओढ्याला दिसणाऱ्या तेरड्याची पानं एकाआड एक, आणि सड्यावर गुलाबी गालिचा घालणारा जो आहे त्याची पानं समोरासमोर, अरुंद. दोन्हीचं पिकलेलं बोंड हात लावला की फुटतंय, म्हणजे जीनस एकच, इम्पेशन्स. जात मात्र वेगळी. सड्यावरच्याला इम्पेशन्स ऑपोझिटिफोलिया म्हणून सोडून देऊ नका, फुलाच्या मागं लटकणारी सोंड बाजूनं दिसेल असा फोटो घ्या, कारण तसलाच दिसणारा इम्पेशन्स लॉई पण कासवर आहे.

सोनकी सगळ्यांना माहिती, पिवळंधमक. पण आपण जिला एक फूल म्हणतो ते एक फूल नाहीच, ती अख्खी वसाहत आहे. मधला गोळा म्हणजे बारक्या नळीसारख्या फुलांची गर्दी, आणि कडेची एकेक पाकळी म्हणजे पण एक स्वतंत्र फूल. झेंडू, शेवंती, सूर्यफूल सगळी याच कुळातली, त्यामुळं या कुळात समोरचा फोटो जवळजवळ बिनकामाचा. मागं हिरवी कपसारखी छदं म्हणजे बारकी पानं असतात, ती एका ओळीत आहेत का दोन-तीन, टोकदार का बोथट, तिथं जात ठरते.

आणि काही ठिकाणी थांबायचं असतं. गेंद, ती पांढऱ्या बटनांसारखी फुलं, एरिओकॉलॉन जीनस, त्यातल्या जाती बी आणि आतली बारकी फुलं मायक्रोस्कोपखाली बघितल्याशिवाय सुटत नाहीत. फोटोवरनं कुणी छातीठोक जात सांगत असेल तर त्यानं कशावरनं सांगितलं ते विचारा. गवतांचं पण तेच. 'एरिओकॉलॉन, जात माहीत नाही' हे एकदम चांगलं, पूर्ण उत्तर आहे, त्यात कमीपणा काही नाही. उलट दवबिंदू सोपा, पानं जमिनीला चिकटून चमच्यासारखी गोल मांडलेली आणि चिकट केसांची असतील तर ड्रॉसेरा बर्मानी, उभ्या खोडावर लांब रेघेसारखी पानं असतील तर ड्रॉसेरा इंडिका. दोन्ही किडे खातात.

झाडांना बऱ्याचदा फूलच नसतं, मग काय करायचं? पडलेलं पान मोडून बघा. पांढरा चीक आणि फांदीवर प्रत्येक पेरापाशी गोल वळं असेल तर वड-उंबराच्या घरातलं. चुरगळल्यावर वास येतोय आणि पानाच्या कडेच्या आतनं कडेला समांतर एक शीर सगळीकडं फिरतीय तर जांभळाच्या कुळातलं काहीतरी. चीक डोळ्याला लागू देऊ नका आणि चव बघायच्या भानगडीत पडूच नका, कुणी कितीही सांगितलं तरी.

फुलपाखरांत मात्र निसर्गच फसवतो. बिबळ्या कडवा, नारिंगी, टोकाला काळं-पांढरं, रुईवर अळ्या वाढतात त्यामुळं अंगात विष आणि पक्षी त्याच्या वाटेला जात नाहीत. छोट्या चांदव्याची मादी हुबेहूब त्याच्यासारखी दिसते, विष नसताना फायदा मात्र उचलते. मागच्या पंखाच्या मध्यावर बघा, तीन-चार काळे ठिपके ठसठशीत असतील तर कडवा, मधे सगळं कोरं आणि वरच्या कडेला एखादाच ठिपका तर चांदवा. चांदव्याचा नर तर काळा, पांढऱ्या मोठ्या ठिपक्यांचा, त्यामुळं नर-मादी दोन वेगळ्या जाती वाटतात. फुलपाखराचा पंख मिटलेला फोटो पण घ्या, खालची नक्षी बऱ्याचदा जास्त कामाची असते.

सापाचं शिराळ्यात वेगळं सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी. मण्यार आणि कवड्या यांच्यात लोक कायम गोंधळतात. मण्यारीचे पांढरे पट्टे बारीक, बऱ्याचदा जोडीजोडीनं, डोक्याकडं पुसट आणि शेपटीकडं स्पष्ट. कवड्याचं उलटं, मानेपाशी ठळक आणि मागं विरत जातात. मण्यार जबरी विषारी, कवड्या बिनविषारी. पण हा फरक लांबनं झूम करून काढलेल्या फोटोत बघायचा, जवळ जाऊन नाही, आणि शंका असली तर विषारीच धरायचा. मेलेला साप पण हातात घेऊ नका. घरात निघाला तर वन विभागाची 1926 हेल्पलाइन आहे, चावला तर ओळखत बसू नका, 108 ला फोन करून सरळ सरकारी दवाखाना.

आता ॲप. आयनॅचरलिस्ट टाका, फुकट आहे. गूगल लेन्स पण चालतं, फक्त त्याचं उत्तर म्हणजे अंदाज समजायचा, बागेतली परदेशी झाडं दाखवायची त्याला जाम हौस. ॲपनं चार नावं सुचवली तर ती चारही एकाच कुळातली आहेत का बघा. असतील तर कुळापर्यंत विश्वास ठेवा, चारी दिशांना चार असतील तर फोटोच खराब आहे. मग त्या जातीची आपल्या भागात आधी नोंद आहे का ते नकाशात बघायचं. आयनॅचरलिस्टवर दुसऱ्या कुणी दुजोरा दिला, म्हणजे निदान दोघांचं आणि दोन तृतीयांशापेक्षा जास्त जणांचं एकमत झालं, की नोंद 'रिसर्च ग्रेड' होते, पण दोघं मिळून पण चुकू शकतात हे लक्षात ठेवा, विशेषतः एकानं टाकलं म्हणून दुसऱ्यानं ओके दाबलेलं असतं तेव्हा.

कंदीलपुष्प, ऑर्किड असलं दुर्मिळ काही सापडलं तर लोकेशन लपवायचं सेटिंग त्यातच आहे, ते आधी चालू करा आणि ग्रुपवर पिन टाकू नका, कंद उकरून नेणारे पण ग्रुपवर असतात. आणि अगदीच अडलं तर कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठाचा बॉटनी डिपार्टमेंट आहे, तिथं हर्बेरियममधे या भागातले वाळवलेले नमुने ठेवलेत. जाताना वरचे सगळे फोटो, तारीख आणि जागा घेऊन जा, नुसतं 'सर जांभळं फूल होतं' म्हणून जाऊ नका.