‘ब्या’ टाईप केल्यावर कॉम्प्युटर का अडतो

लालबागच्या मिरची गल्लीत माझ्या मामाचं मसाल्याचं दुकान आहे. एप्रिल-मेमध्ये तिथे पाय ठेवायला जागा नसते. बायका मालवणी मसाल्याची चिठ्ठी हातात घेऊन उभ्या, पलीकडे डंकाची धडधड, आणि गल्ल्यावरचा पोरगा ‘ब्या’ टाईप करून स्क्रीनकडे बघत बसलेला. ब्याडगी मिरचीचं नाव दिसायला दीड सेकंद. बिलिंगचा प्रोग्राम मीच लिहिलेला, त्यामुळे शिव्या द्यायला दुसरं कोणी नव्हतं.

“अरे, नवीन मशीन घेऊ का?” मामाने विचारलं.

“मामा, एक रविवार दे मला.”

तुमचाही प्रोग्राम असाच रखडत असेल, तर कोडला हात लावण्याआधी घड्याळ लावा. आणि ते गिऱ्हाईकाच्या मशीनवर, गिऱ्हाईकाच्याच डेटावर. माझ्या लॅपटॉपवर चाचणीची 200 बिलं होती, तिथे सगळं पळत होतं. दुकानात तीन वर्षांच्या बिलांच्या अडीच लाख ओळी साठल्या होत्या. चुका शोधण्यासाठी बनवलेली संथ आवृत्ती (डीबग बिल्ड) मोजू नका, गिऱ्हाईकाला देतो ती (रिलीज) मोजा. तेच काम शंभर वेळा करून बघा. पहिली वेळ वेगळी लिहून ठेवा, कारण फाईल तेव्हा डिस्कवरून येते, नंतर ती मेमरीत असते. सरासरीवर विसंबू नका. मधला आकडा आणि सगळ्यात वाईट आकडा, दोन्ही लिहा. रांगेतल्या बाईंच्या वाट्याला वाईटच येतो.

मग वेळेचे तुकडे पाडा. बटण दाबणं, डेटाबेसला विचारणं, स्क्रीनवर काढणं. माझ्या 1,500 मिलिसेकंदांपैकी 1,440 डेटाबेसमध्ये जात होते. यादीतल्या प्रत्येक नावापुढे ‘शेवटचा भाव’ दाखवायची हौस मला होती. एका अक्षराला 40 नावं, म्हणजे डेटाबेसला 40 वेगळे प्रश्न, 40 क्वेरी. माझा डेटाबेस एसक्यूलाईटचा. त्यात क्वेरीच्या आधी ‘एक्सप्लेन क्वेरी प्लॅन’ लिहिलं की ती कुठून कशी जाणार ते कळतं. माझं उत्तर आलं ‘स्कॅन’. म्हणजे अडीच लाख ओळी वरपासून खालपर्यंत, चाळीस वेळा. वस्तू आणि तारीख या दोन्हींवर मिळून एक इंडेक्स, म्हणजे पुस्तकामागे असते तशी सूची, टाकला, ‘स्कॅन’चं ‘सर्च’ झालं, आणि डेटाबेसचा आकडा 1,440 वरून 6 मिलिसेकंदांवर आला.

इथे थांबलात तरी चालेल. संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड क्नुथ यांनी 1974 मध्ये लिहिलं होतं की साधारण 97 टक्के वेळा बारीकसारीक वेगाचा विचार सोडून द्यावा. लोक तेवढंच सांगत फिरतात. उरलेल्या महत्त्वाच्या 3 टक्क्यांची संधी सोडू नये, हे पुढचंच वाक्य सोयीस्करपणे गळतं. त्या 3 टक्क्यांत आपण आहोत की नाही, हे मोजल्याशिवाय कळणार कसं?

मी पुढे गेलो तो रविवारच्या बैठकीमुळे. दादरला आम्ही चौघं जमतो. 2014 च्या नोव्हेंबरमध्ये गेम प्रोग्रामर केसी मुराटोरी यांनी दुसऱ्यांचा तयार कोड (इंजिन किंवा लायब्ररी) न घेता, एकेक ओळ सगळ्यांसमोर लिहीत आख्खा गेम करायला घेतला. त्यातून हाताने घडवलेल्या सॉफ्टवेअरची आवड असलेल्यांची जी जमात उभी राहिली, तिचीच ही आमची छोटी पंगत. नियम दोनच. आपलाच संथ प्रोग्राम आणायचा, दुसऱ्याच्या नावाने बोटं मोडायची नाहीत. आणि आकडा सांगितल्याशिवाय मत द्यायचं नाही. अशी बैठक जमवायची तर चारच माणसं पुरेत; सहा झाली की चहाच जास्त होतो.

तिथे एकाने सरळ विचारलं, “दुकानात माल किती आहे?”

1,100 प्रकार. नाव, भाव धरून प्रत्येकी 64 बाईट, म्हणजे 70 केबी. आख्खं दुकान प्रोसेसरच्या आतल्या झटपट मेमरीत, कॅशेत मावतं, आणि मी दर अक्षराला डेटाबेसकडे धावतोय! सकाळी एकदा सगळं मेमरीतल्या सलग यादीत, म्हणजे एका अ‍ॅरेमध्ये वाचून घेतलं, शोध म्हणजे एकेक नाव बघत जाणारा साधा लूप. 6 मिलिसेकंदही कोणाला जाणवत नव्हते, तेव्हा हे वेगासाठी नव्हतंच. यात तीनशे ओळींचा कोड पुसता आला, त्यासाठी केलं.

आणि लगेच आपटलो. मामाने दुसऱ्या विंडोतून संकेश्वरीचा भाव वाढवला, बिलिंगच्या मेमरीत जुनाच राहिला. संध्याकाळपर्यंत जुन्या भावाने मिरची गेली. फरक माझ्या खिशातून. त्यामुळे डेटा मेमरीत आणलात की तो शिळा कधी होतो, हे त्याच दिवशी ठरवा. एसक्यूलाईटमध्ये त्यासाठी ‘प्रॅग्मा डेटा_व्हर्जन’ आहे. दुसऱ्या कनेक्शनने काही बदललं की तो आकडा बदलतो. आता प्रत्येक बिल उघडताना तो बघतो, बदलला असेल तरच यादी पुन्हा वाचतो.

आकड्यांसाठी एक वही ठेवा. तारीख, मशीन, आधी किती, नंतर किती, बस्स. माझ्या वहीतलं पुढचं पान छपाईचं आहे: बटण दाबल्यापासून पावती बाहेर येईपर्यंत 2.3 सेकंद, त्यातले 1.9 दुकानाच्या लोगोचं चित्र प्रिंटरला पाठवण्यात. लोगो काढून टाकू म्हटलं, तर मामा ऐकत नाही. पण लोगो प्रिंटरच्याच मेमरीत एकदा साठवून ठेवता येतो. या रविवारी ते.