टकाचेवमध्ये बार लवकर का सुटतो

जिम्नॅस्टिक्सच्या आडव्या बारवर जायंट (सरळ हातांनी बारभोवतीची पूर्ण फेरी) स्थिर झाला आणि ग्रिप्सची (तळहातावरच्या चामडी पट्ट्यांची) सवय झाली की प्रत्येकाला रिलीजची, म्हणजे बार सोडून पुन्हा पकडण्याची, घाई होते. 2012 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये डच जिम्नॅस्ट एप्के झोंडरलँडने कॅसिना, कोवाच आणि कोलमन हे तीन अवघड रिलीज सलग जोडून सुवर्णपदक मिळवले. ते पाहिल्यावर टकाचेव (बार सोडून पाठमोरे त्यावरून पलीकडे जायचे आणि पुन्हा बार पकडायचा) ही सोपी, पहिली पायरी वाटू लागते. मला त्या पायरीवर दोन हंगाम लागले, आणि त्यातला पहिला एकाच चुकीपायी गेला.

माझा बार लवकर सुटत असे. शरीर बारच्या पातळीच्या पुरेसे वर चढण्याआधी हात सुटला तर वेग तुम्हाला उंच नेतो, पण बारच्या पलीकडे नेत नाही. तुम्ही सरळ बारवर उतरता. माझ्या मांड्यांच्या मागच्या बाजूला त्या वर्षी कायम काळेनिळे डाग असत. (उशिरा सुटला तर शरीर लांब आणि सखल जाते आणि बोटे बारपर्यंत पोहोचत नाहीत.) झोक्याच्या तळाशी पाय पुढे मारण्याला टॅप म्हणतात; प्रशिक्षक सांगत, "टॅप आणखी जोरात मार," आणि मी चुकीच्या जागी अधिक जोर लावत राहिलो.

दोष टॅपच्या वेळेत होता. बाजूने घेतलेला व्हिडिओ सावकाश चालवून पाहिला तेव्हा दिसले की कंबर खांबांच्या रेषेत येण्याआधीच माझे पाय त्या रेषेच्या पुढे गेलेले होते. खाली येताना शरीर कमानीसारखे ताणून धरायचे, सर्वांत खालचा बिंदू येईपर्यंत ती कमान सोडायची नाही, मगच पाय पुढे मारायचे, आणि वर चढताना लगेच कंबर उघडून सरळ हातांनी बार पायांच्या दिशेने दाबायचा. बार 28 मिलिमीटर जाडीचा असला तरी भाराखाली वाकतो आणि उसळतो. घाईच्या टॅपला ती उसळी मिळत नाही, म्हणून वर चढताना जोर संपतो आणि हात आपसूक सुटतात.

ओरडणाऱ्या प्रशिक्षकापेक्षा बाजूला उभा राहून मुकाट्याने चित्रण करणारा प्रशिक्षक मला अधिक मोलाचा वाटतो. स्ट्रॅप बारवरचे (हात पट्ट्यांनी बांधून ठेवणाऱ्या सरावाच्या बारवरचे) टॅप जायंट कंटाळवाणे असले तरी टाळू नका. मी सहा आठवडे तेवढेच केले. त्यानंतर बारवर फोम बांधून, पकडण्याचा प्रयत्न न करता, पलीकडे पिटमध्ये (फोमने भरलेल्या खड्ड्यात) पडायला शिका.

एका बाबतीत मात्र तडजोड नको: वापराने लांबलेली ग्रिप त्याच दिवशी बदला. ती बारभोवती दुमडून अडकली की हात तिथेच राहतो, शरीर फिरत राहते आणि हाड मोडते.

भीती वाटते म्हणून स्वतःला नालायक ठरवू नका. मला आजही सोडण्याच्या आधीच्या जायंटमध्ये पोटात गोळा येतो. पहिल्यांदा बार हाती आला तेव्हा डाव्या हाताची चारच बोटे बसली होती, आणि मी तसाच पुढच्या झोक्यात गेलो.