वर्डमधल्या लाल रेघा लपवल्या, म्हणजे गेल्या नाहीत

फाइल उघडली की शब्दांच्या मध्ये ठिपके आणि प्रत्येक परिच्छेदाच्या शेवटी उलट्या 'पी'सारखी खूण दिसते? घाबरू नका, त्या छापल्या जात नाहीत. कंट्रोल, शिफ्ट आणि ८ एकत्र दाबा, खुणा जातील. तरीही एखादी उरलीच, तर फाइल, ऑप्शन्स, डिस्प्ले इथे जाऊन तिच्यापुढची टिक काढा. ती टिक असेपर्यंत बटण कितीही दाबलं तरी ती खूण हटत नाही.

लाल रेघांचं, म्हणजे 'ट्रॅक चेंजेस' चालू असताना केलेल्या बदलांच्या खुणांचं, मात्र वेगळं आहे. रिव्ह्यू टॅबमधल्या यादीत 'नो मार्कअप' निवडलं की मजकूर एकदम स्वच्छ दिसतो, आणि तिथेच फसगत होते. तुम्ही कोटेशनमध्ये ४५,००० खोडून ५२,००० केले असतील, तर समोरच्याने 'ऑल मार्कअप' निवडताच खोडलेला जुना आकडा त्याला दिसतो, बदल कोणी आणि कधी केला तेही. वाचताना डोळ्यांना त्रास नको म्हणून लपवणं ठीक, पण फाइल बाहेर पाठवायची असेल तर ते पुरेसं नाही.

आधी स्वतःसाठी एक प्रत वेगळ्या नावाने सेव्ह करा. मग पाठवायच्या प्रतीत 'ॲक्सेप्ट'खालच्या बाणावरून 'ॲक्सेप्ट ऑल चेंजेस अँड स्टॉप ट्रॅकिंग' निवडा. त्याआधी प्रत्येक बदल खरंच मान्य आहे का, हे जरूर वाचून घ्या. कॉमेंट्स याने जात नाहीत, त्या वेगळ्या डिलीट कराव्या लागतात. शेवटी फाइल, इन्फो, 'चेक फॉर इश्यूज'मधून 'इन्स्पेक्ट डॉक्युमेंट' चालवा. काही राहिलं असेल तर तिथे कळेल.