स्कोअरमधल्या चार बारांची इमेज काढण्याआधी

लेखात किंवा धड्यात स्टाफ नोटेशनचे (पाच रेघांवर लिहिलेल्या पाश्चात्त्य संगीताचे) काही बार, म्हणजे उभ्या रेघांमधले तालाचे भाग, दाखवायचे असतील, तर एक्सपोर्टचं बटण सगळ्यात शेवटी दाबायचं. पहिल्यांदा ठरवायची ती रुंदी: मजकुरात चित्राला जागा किती सेंटिमीटर आहे? हे न ठरवता कापाकापी केली, की दोन बारांचा तुकडा आणि सहा बारांचा तुकडा दोन्ही कॉलमभर ताणले जातात. एकात पाच रेघा जाडजूड, दुसऱ्यात स्वर मुंगीएवढे, आणि वाचणाऱ्याला उगाच वाटतं की मोठं दिसतंय ते जास्त महत्त्वाचं. म्हणून स्टाफची उंची सगळ्या तुकड्यांत एकच ठेवावी आणि लहान तुकडा लहानच राहू द्यावा, उजवीकडे जागा मोकळी राहिली तरी चालेल. इमेज तयार झाल्यावर कोपरा धरून ओढणं तर नकोच.

मूळ स्कोअरला हात लावू नये. म्यूजस्कोअर या नोटेशन सॉफ्टवेअरमध्ये हवे ते बार निवडून ‘सेव्ह सिलेक्शन’ केलं की वेगळी फाइल मिळते. इतर सॉफ्टवेअरमध्ये फाइलची सरळ कॉपी करून घ्यावी.

खरा वेळ द्यायचा तो इथे, कारण मधूनच उचललेला तुकडा मागचं बरंच काही सोडून येतो. मूळ पानावरची ओळ तशीच कापली तर क्लेफ (कोणती रेघ कोणता स्वर, ते सांगणारं चिन्ह) आणि की सिग्नेचर (सुरुवातीच्या शार्प-फ्लॅटच्या खुणा) दिसतात, टाइम सिग्नेचर (बारातल्या मात्रांचं माप) मात्र पहिल्या पानावरच राहतं. बाराव्या बारात ‘हळू’ची खूण आहे आणि तुकडा सतराव्यापासून सुरू होतोय, तर ती खूण कंसात पुन्हा लिहावी. एक सप्तक वर वाजवायची खूण असलेली तुटक रेघ आधीच सुरू झालेली असेल, तर तिच्याकडे डोळ्यांत तेल घालून बघावं: ती सुटली तर सगळा तुकडा एक सप्तक खाली वाचला जातो, आणि चित्रात चूक कुठेच दिसत नाही. बी-फ्लॅट क्लॅरिनेटच्या ओळीचं नाव कापलं गेलं, तर लिहिलेला सी हा सी म्हणूनच वाजवला जाईल, प्रत्यक्षात तो बी-फ्लॅट ऐकू यायला हवा. टाय आणि स्लर (स्वर जोडणाऱ्या वक्र रेघा) अर्धवट लोंबत नाहीत ना, तेही बघावं. नव्या फाइलच्या शेवटी समाप्तीची जाड दुहेरी रेघ आली असेल तर ती साधी करावी, कारण रचना तिथे संपत नाही. बार नंबर मूळचेच ठेवावेत.

मग रिझोल्यूशन. स्टाफमधल्या दोन रेघांतलं अंतर 1.75 मिलिमीटर धरलं, तर रेघेची जाडी त्याच्या साधारण दहाव्या भागाएवढी असते. 96 डीपीआयला (इंचाला 96 ठिपके) एक पिक्सेलच सुमारे 0.26 मिलिमीटरचा, म्हणजे रेघ पिक्सेलपेक्षा बारीक. ती राखाडी, पुसट होणारच. 300 ला तिला दोन पिक्सेल मिळतात, 600 ला चार. छपाईसाठी मी 600 च्या खाली जाणार नाही. 12 सेंटिमीटर रुंदीला ते सुमारे 2835 पिक्सेल होतात. एसव्हीजी किंवा पीडीएफ चालत असेल तर हा हिशोबच नको, कारण त्यांत रेघा पिक्सेलऐवजी आकार म्हणून साठवता येतात. जेपेग टाळावं, काळ्या रेघांभोवती धुरकट ठिपके येतात. पीएनजीची पार्श्वभूमी पांढरी ठेवावी, नाहीतर डार्क मोडमध्ये काळ्यावर काळे स्वर दिसेनासे होतात.

आता कातर. शीर्षक, पान क्रमांक, तळाचा कॉपीराइट आधी काढून टाकावा. आपोआप कडा कापणारं सॉफ्टवेअर शाई कुठे संपते एवढंच बघतं. तळाशी एक आकडा राहिला तरी पानभर पांढरं सोबत येतं. म्यूजस्कोअरला कमांड लाइनवर ट्रिमचा पर्याय आहे, लिलिपाँडमध्ये क्रॉपचा. सिबेलियसमध्ये ग्राफिक सिलेक्शन, डोरिकोमध्ये ग्राफिक स्लाइस. मार्जिन शून्य ठेवू नये. देवनागरी शब्द असतील तर खालचे उकार आणि वरच्या वेलांट्या शाबूत आहेत का, ते मोठं करून बघावं.

शेवटी मूळ स्कोअर बंद करून, फक्त इमेज समोर ठेवून तुकडा वाजवून पाहावा. कुठे अडखळलात तर काय सुटलंय ते लगेच कळतं. फाइलच्या नावात बार नंबर घालावेत, आणि स्क्रीन रीडर वापरणाऱ्यांसाठी वाद्य, बार आणि तुकड्यात काय घडतं हे पर्यायी मजकुरात लिहावं.