अपक्ष मित्रासाठी निवडणुकीची वर्गणी कशी मागायची

आपल्यातला कोणी विधानसभेला अपक्ष उभा राहिला की पैशाचं काम कुणाच्यातरी गळ्यात पडतं. २०२४ ला माझ्या पडलं, म्हणून लिहितोय.

आधी बँक. उमेदवाराचं निवडणुकीसाठी वेगळं खातं लागतं, अर्ज भरायच्या किमान एक दिवस आधी उघडा आणि आलेला पैसा, मग तो मेव्हण्याचा का असेना, त्यातच टाका. खर्चाची मर्यादा ४० लाख (आपण कुठले तिथपर्यंत जातोय). एका माणसाला किंवा दुकानदाराला पूर्ण निवडणुकीत रोख १० हजारांच्या वर देता येत नाही, हे मांडववाल्याला पहिल्याच दिवशी सांगा, नाहीतर शेवटच्या रात्री तो रोखीसाठी दारात. निकालानंतर ३० दिवसांत हिशेब द्यायचा असतो, तेव्हा रोजच्या रोज लिहा.

आता मागायचं कसं. मी गाढवपणा केला, क्यूआर कोड सगळ्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला, शाळेचा, सोसायटीचा, ट्रेकिंगचा. सगळ्यांनी अंगठा दाखवला, दोन्ही अर्थाने. पैसे आले तिघांचे, त्यात एक आत्या, १०१ रुपये.

मग वही घेऊन बसलो. श्रीमंत कोण ते नाही लिहिलं, आपला माणूस कुणाच्या दहाव्याला नाशिकच्या रामकुंडावर उभा होता, कुणासाठी रात्री रक्ताची बाटली शोधत फिरला, ते लिहिलं. चाळीसेक नावं निघाली आणि बहुतेक पैसा तिथूनच आला.

अंबडला एक वर्कशॉपवाले काका आहेत, त्यांच्याकडे उमेदवाराला घेऊन गेलो, पण मागितलं मी. उमेदवाराने तोंडातून आकडा काढायचाच नाही, त्याने तब्येत विचारायची, चहा प्यायचा. काका अर्धा तास नवीन लेथ दाखवत बसले मग म्हणाले, "किती लिहू?" इथे "तुमच्या इच्छेने" म्हणालात की ५०१ समजा. "काका, प्रचाराची रिक्षा दहा दिवस फिरवायचीये, ११ हजार." एवढं बोलून गप्प. काकांनी चेकबुक काढलं.

टायमिंग पण बघा. आमचं मतदान २० नोव्हेंबरला होतं, तेव्हा द्राक्षवाल्याची छाटणी उरकून सगळा पैसा औषध फवारणीत गेलेला असतो. पिंपळगावच्या मामांनी सरळ सांगितलं, "आत्ता नाही रे, मार्चात ये." त्याऐवजी जीप दिली. ती फुकटची असली तरी परवानगी काढून तिचं भाडं खर्चात दाखवावं लागलं, हे विसरू नका.

"टॅक्समध्ये सूट मिळेल ना?" हा प्रश्न येतोच. पक्षाला दिलं तर सवलत मिळू शकते, अपक्ष उमेदवाराला दिलेल्यावर नाही, खोटं बोलू नका. अमेरिकन पासपोर्टवाल्या मित्राचे पैसे तर घ्यायचेच नाहीत.

आणि "निवडून आल्यावर आमचं एक काम आहे" म्हणणारे भेटणारच. एमआयडीसीतल्या रस्त्याचं, लाईटचं बोलला तर वहीत लिहा, ते काम सगळ्यांचंच. प्लॉटवरचं आरक्षण उठवायचं म्हणाला तर चहा संपवा आणि उठा. आम्ही एक पाकीट असंच परत दिलं, घरी येईपर्यंत हात थरथरत होते कारण बॅनरवाल्याचं बिल थकलेलं.

पडलो, डिपॉझिट पण गेलं. तरी हिशेबाची झेरॉक्स घेऊन प्रत्येकाकडे गेलो, हे तुम्हीही करा. काकांनी चष्मा लावून रिक्षाची ओळ शोधली. "११ हजार? अरे मला विचारायचं ना, शेजारचा पोरगा ९ मध्ये फिरला असता."