सीपॅपची घरगुती स्वच्छता : आधी करून ठेवायची तयारी

स्लीप ॲप्नियाचे, म्हणजे झोपेत श्वास वारंवार अडखळण्याच्या विकाराचे, निदान होऊन नळी आणि मास्कवाटे दाबाची हवा देणारे सीपॅप यंत्र घरी आले की पहिले काही आठवडे सगळे लक्ष मास्क नीट बसतो का, झोप लागते का, याकडेच असते. स्वच्छतेकडे लक्ष जाते तोवर मास्कचे कुशन, म्हणजे चेहऱ्याला टेकणारा सिलिकॉनचा मऊ भाग, चिकट झालेले असते किंवा हवा ओलसर करणाऱ्या पाण्याच्या टाकीच्या तळाशी पांढरट थर धरू लागलेला असतो. वास्तविक हे काम अवघड नाही; रोजचे काही मिनिटांत होते आणि आठवड्याचे फार तर अर्ध्या तासात. ते मागे पडते ते वेगळ्याच कारणांनी: योग्य साबण हाताशी नसतो, नळी टांगायला जागा ठरलेली नसते, आणि संध्याकाळी धुतलेले सामान झोपायच्या वेळी अजून ओलेच असते. म्हणून धुण्याच्या पद्धतीइतकाच विचार त्याआधीच्या मांडणीचा करावा लागतो.

सर्वांत आधी यंत्राची आणि मास्कची माहितीपुस्तिका शोधून काढावी. या दोन पुस्तिका बहुधा वेगवेगळ्या असतात, आणि मास्कची पुस्तिका खोक्यासोबत टाकून दिली जाण्याचा संभव अधिक असतो. तशी ती गेली असल्यास उत्पादकाच्या संकेतस्थळावर मॉडेलच्या नावाने मिळते. टाकीचे भाग किती सुटे होतात, तापणारी नळी पाण्यात बुडवलेली चालते का, फिल्टर धुण्याजोगा आहे की फेकण्याचा, मास्कच्या कापडी भागाला किती गरम पाणी सोसते, या प्रश्नांची उत्तरे मॉडेलगणिक बदलतात. ती पाने खूण करून ठेवावीत आणि पुढे सांगितलेल्या एखाद्या गोष्टीशी पुस्तिकेचे पटत नसेल तर पुस्तिकेचेच ऐकावे.

यानंतर सामान. या कामापुरतेच वापरले जाईल असे एक पसरट टब किंवा घमेले वेगळे काढावे, कारण कपड्यांच्या पावडरीचा किंवा फरशी पुसण्याच्या द्रावणाचा अंश राहिलेल्या भांड्यात मास्क बुडवणे योग्य नाही. साबण सौम्य, द्रवरूप आणि शक्यतो बिनवासाचा असावा. भांडी घासण्याच्या सौम्य द्रवाचे काही थेंब टबभर पाण्याला पुरतात. त्वचा मऊ ठेवणारे, जंतुनाशक म्हणून विकले जाणारे किंवा सुगंधी साबण टाळावेत, कारण त्यांचा पातळ थर सिलिकॉनवर राहतो आणि कुशन चेहऱ्यावर टिकण्याऐवजी घसरू लागते. सोबत तंतू न सोडणारी दोन मऊ फडकी, एक बारीक मऊ ब्रश, थोडे साधे पांढरे व्हिनेगर, डिस्टिल्ड वॉटरचा पुरेसा साठा आणि निदान एक जादा फिल्टर एवढे असले की पुरे. नळीच्या आतून फिरवायचा लांब ब्रश बाजारात मिळतो. तो सोयीचा आहे, पण त्यावाचून अडत नाही.

सामानाच्या या फळीवर काय नसावे, हेही ठरवून टाकावे. ब्लीच, स्पिरिट, सॅनिटायझर आणि निलगिरीसारखी सुगंधी तेले या चारही गोष्टी वर्ज्य आहेत. त्यांनी सिलिकॉन आणि प्लास्टिक कडक होते, धुरकटते, त्याला बारीक भेगा पडतात. आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्यांचा जो अंश मागे राहतो तो पुढचे सात-आठ तास दाबाच्या हवेबरोबर थेट फुप्फुसात जातो. चोंदलेल्या नाकाला आराम पडावा म्हणून टाकीतल्या पाण्यात थेंबभर तेल टाकण्याचा मोह अनेकांना होतो, तो आवरावा.

ओझोन वायू किंवा अतिनील प्रकाश वापरून आपोआप शुद्धी करणाऱ्या पेट्यांबद्दल इथेच बोललेले बरे, कारण तयारीच्या उत्साहात सर्वाधिक पैसा त्यांवर जातो. फेब्रुवारी 2020 मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने अशा पेट्यांविषयी सावधगिरीची सूचना काढली. ओझोन नळीत आणि मास्कमध्ये साचून राहिल्यास श्वसनमार्गाला त्रास होऊ शकतो आणि अतिनील किरण नळीच्या आतल्या बाजूला पुरेसे पोहोचतीलच असे नाही, असा तिचा आशय होता. पुढे जून 2021 मध्ये फिलिप्स रेस्पिरॉनिक्सने आपली लाखो यंत्रे परत मागवली, कारण आवाज कमी करण्यासाठी आत बसवलेला पॉलियुरेथेनचा फोम झिजून त्याचे कण आणि वायू हवेच्या मार्गात येण्याचा धोका दिसला होता. ओझोनने केलेल्या सफाईमुळे ती झीज वाढू शकते, हेही तेव्हा सांगण्यात आले. कोमट पाणी, साबण आणि हात यांनी जे नीट होते त्यासाठी पेटी घेण्याची गरज मला तरी दिसत नाही. पेटी घेतलीच तरी चेहऱ्याचा तेलकटपणा आणि टाकीतले क्षार तिने जात नाहीत, म्हणजे हाताने धुणे चुकत नाहीच.

आता वाळवण्याच्या जागेविषयी, कारण सगळे गणित इथे अडते. धुण्याने मळ निघतो, पण जंतू आणि बुरशी वाढतात त्या ओलाव्यावर. त्यामुळे काळजीपूर्वक धुऊन दमट ठेवलेली नळी ही न धुतलेल्या नळीपेक्षा फारशी बरी नसते. नळीची साधारण लांबी 1.8 मीटर असते आणि आतून तिला वळ्या असतात. धुतलेली नळी उजेडासमोर धरून पाहिली तर प्रत्येक वळीत पाण्याची बारीक रेघ अडकलेली दिसते. नळी एका बाजूने उचलली तरी ती रेघ जागची हलत नाही, टोक धरून झटकली की मग थेंब बाहेर पडतात. अशी झटकलेली नळी दोन्ही टोके मोकळी आणि खाली तोंड करून लोंबतील अशी, मध्यभागी रुंद दांडीवर टांगावी. खिळ्यावर अडकवल्यास ती तिथेच चिमटते आणि पाणी साचते. जागा हवेशीर पण सावलीची असावी, कारण थेट उन्हाने सिलिकॉन व प्लास्टिक लवकर जुने होते. हेअर ड्रायर किंवा कपडे सुकवण्याचे यंत्र वापरू नये. हवा दमट असेल तर नळी यंत्राला जोडून, टाकी काढून किंवा पूर्ण रिकामी व कोरडी करून, काही वेळ नुसती हवा सोडण्याची पद्धत अनेकजण वापरतात. काही यंत्रांत त्यासाठी वेगळी सोयच दिलेली असते.

म्हणून धुण्याची वेळ सकाळची ठरवावी. संध्याकाळी धुतलेला कापडी पट्टा रात्रीपर्यंत वाळत नाही, आणि एक रात्र मास्कशिवाय काढली की दुसरी काढणे सोपे जाते; उपचार सुटण्याची सुरुवात बऱ्याचदा अशीच होते.

रोज सकाळी करायचे काम थोडेच आहे. मास्क काढल्यावर कुशन वेगळे करून कोमट साबणपाण्यात बोटांनी हलकेच चोळावे, नीट खळबळून सावलीत ठेवावे. अगदीच घाई असेल तर ओल्या मऊ फडक्याने पुसावे. या एका कृतीवर इतका भर का, तर हवा न गळण्याचे सारे श्रेय कुशनच्या पातळ कडेला असते आणि रात्रभरात चेहऱ्याचे तेल व घाम नेमका तिथेच साठतो. कड बोटांत धरून किंचित ताणली की तेलाचा पिवळसर पापुद्रा डोळ्यांना दिसतो. ऑस्ट्रेलियाचे डॉ. कॉलिन सलिव्हन यांनी 1981 मध्ये ही उपचारपद्धती जगापुढे मांडली तेव्हा मास्क रोज रात्री नाकाला अक्षरशः चिकटवावा लागे. आज ते काम सिलिकॉनची मऊ कड नुसत्या स्पर्शाने करते, आणि तेलाने ती निसटली की पट्टे आवळण्याकडे हात जातो, मग गालावर वळ उठतात. रात्री मास्क लावण्यापूर्वी चेहरा धुवावा आणि क्रीम लावू नये, हा याच कामाचा दुसरा भाग आहे.

मास्कच्या पुढच्या बाजूस किंवा नळी जोडतात त्या कोपराजवळ बारीक छिद्रे असतात. उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड त्यांतूनच बाहेर जातो. ती गळती नव्हे, आणि तिथली हवा त्रास देते म्हणून ती बंद करणे तर धोक्याचे आहे. धूळ किंवा साबणाचे कण अडकले असतील तर मऊ ब्रशने मोकळी करावीत, टोचणी घालू नये.

आठवड्यातून एकदा मास्कचा सांगाडा, पट्टे, नळी आणि टाकी हे सगळे सुटे करून धुवावे. पट्ट्यांची सध्याची लांबी कुठे आहे तिथे आधी खूण करावी किंवा मोबाइलवर छायाचित्र काढावे, म्हणजे पुन्हा बसवताना रात्री चाचपडावे लागत नाही. पट्टे हाताने धुवावेत, पिळण्याऐवजी फडक्यात दाबून पाणी काढावे. इस्त्री करू नये. नळीत साबणपाणी भरून दोन्ही टोके तळव्यांनी बंद करावीत, पुढेमागे हलवावी आणि फेस संपेपर्यंत वाहत्या पाण्याने धुवावी. तापणाऱ्या नळीच्या टोकाशी विजेचे जोड असतात. ते पूर्ण कोरडे झाल्याशिवाय नळी यंत्राला लावू नये. ज्या मास्कच्या पट्ट्यांना चुंबकाचे चाप आहेत तो लावणाऱ्या, धुणाऱ्या किंवा जवळ झोपणाऱ्या व्यक्तीच्या शरीरात पेसमेकर किंवा तत्सम उपकरण बसवलेले असेल, तर त्या मास्कविषयी डॉक्टरांना आवर्जून विचारावे.

पाण्याच्या टाकीला स्वतःचा वेगळा नियम आहे. सकाळी टाकीखालची तापपट्टी निवल्यावर टाकी काढून उरलेले पाणी ओतून द्यावे. कालच्या पाण्यात आजचे पाणी घालू नये, कारण बाष्प होऊन निघून जाते ते पाणी, क्षार मागेच राहतात आणि भर घालत गेल्यास दिवसेंदिवस दाट होतात. डिस्टिल्ड वॉटर सुचवले जाते ते याचसाठी. गाळलेल्या किंवा उकळलेल्या पाण्यातले क्षार जात नाहीत. उकळल्याने जंतू मरतात, त्यामुळे डिस्टिल्ड वॉटर संपले तर एखादी रात्र उकळून थंड केलेले पाणी वापरणे हे नळाच्या पाण्यापेक्षा केव्हाही चांगले, मात्र त्या आठवड्यात टाकीकडे जास्त लक्ष द्यावे. पांढरा थर धरलाच तर एक भाग व्हिनेगर आणि नऊ भाग पाणी असे मिश्रण अनेक पुस्तिकांत सांगितलेले असते. त्यात टाकी काही वेळ बुडवून ठेवून मग वास जाईपर्यंत धुवावी. थर खरवडू नये. चरे पडले की पुढचा थर तिथेच घट्ट धरतो. टाकीत गुलाबीसर किंवा काळपट बुळबुळीत डाग दिसले, किंवा प्लास्टिकला तडा गेला असेल, तर ती धुण्यात वेळ न घालवता बदलावी.

यंत्राचे मुख्य खोके मात्र पाण्याजवळ न्यायचेच नाही. प्लग काढून बाहेरून किंचित ओलसर फडक्याने पुसले की झाले. त्याची जागा उशीच्या पातळीपेक्षा खाली, पडद्यापासून दूर आणि मागची हवा घेण्याची जाळी मोकळी राहील अशी असावी. नळीत साचलेले पाणी अशाने चेहऱ्याकडे येत नाही. टाकी भरलेली असताना यंत्र हलवू नये, कारण ते कलंडले तर पाणी मोटारीत जाते. फेकण्याचा पांढरा फिल्टर धुऊन पुन्हा लावता येत नाही. महिन्याने पाहावा आणि करडा दिसला की बदलावा. धुण्याजोगा फोमचा फिल्टर साध्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळल्यावरच परत बसवावा, म्हणूनच दोन असलेले बरे.

सर्दी, खोकला किंवा ताप असलेल्या दिवसांत आठवड्याचे काम रोजचे होते: नळी, टाकी आणि मास्क दररोज धुवावे आणि बरे झाल्यावर फेकण्याचा फिल्टर बदलावा. त्यासाठीच एक जादा कुशन आणि शक्य असल्यास एक जादा नळी घरात असावी. प्रवासाला निघताना टाकी रिकामी व कोरडी करून स्वतंत्र बांधावी. मुक्कामी डिस्टिल्ड वॉटर मिळेल का याची चौकशी औषधांच्या यादीबरोबरच करावी.

शेवटी एक वही, किंवा मोबाइलमधली नोंद. कोणता भाग कधी नवा लावला याची तारीख तिथे असावी, कारण सिलिकॉन एका दिवसात बिघडत नाही आणि रोज पाहणाऱ्याला फरक कळत नाही. कुशन काही महिन्यांत सैल पडते, नळी आणि टाकी त्यापेक्षा अधिक टिकतात. सकाळी यंत्राच्या पडद्यावर गळतीचा आणि ताशी श्वास अडखळण्याचा आकडा दिसतो, तोही आठवड्यातून एकदा लिहावा. कुशन स्वच्छ आहे, पट्टे जुन्या खुणेवर आहेत आणि तरीही गळती वाढते आहे, याचा अर्थ कुशन बदलायला झाले. गळती तेवढीच राहून श्वास अडखळण्याचा आकडा 5 च्या वर जाऊन राहिला तर प्रश्न सफाईचा नाही. तो दाबाचा असू शकतो आणि तो डॉक्टरांनी पाहायचा. नळीत काळे कण दिसले, जळका वास आला किंवा यंत्रात पाणी शिरले, तर प्लग काढून यंत्र बाजूला ठेवावे, आतून उघडू नये, आणि ते दिलेल्या विक्रेत्याला त्याच दिवशी कळवून दुरुस्तीपर्यंत पर्यायी यंत्राची मागणी करावी.