पासिंगला गाडी नेताय? ब्रेक आधी बघा, रंग नंतर

पासिंगच्या, म्हणजे गाडीच्या फिटनेस तपासणीच्या, आदल्या दिवशी गाडी धुवायची, बॉडीला पॉलिश मारायचं आणि एजंटला फोन करायचा, एवढ्याला लोक तयारी म्हणतात. मग गाडी नापास झाली की नशिबाला बोल. तपासणीत रंगाचा संबंध फार थोडा, खरा प्रश्न ब्रेकचा असतो.

आधी कोणाला काय लागतं ते. फिटनेस सर्टिफिकेट, म्हणजे फॉर्म 38, व्यावसायिक गाड्यांसाठी असतं. नव्या गाडीला पहिली 2 वर्षं मिळतात. गाडी 8 वर्षांची होईपर्यंत दर 2 वर्षांनी नूतनीकरण, त्यानंतर दरवर्षी. खासगी कारला हे चक्र नाही. तिची नोंदणी 15 वर्षांची, पुढे तपासणी करून 5-5 वर्षांची. त्यासाठीचा अर्ज मुदत संपण्याआधी 60 दिवसांच्या आतच करता येतो. पीयूसी हा वेगळा कागद आहे. तो फक्त धुराचा असतो, बीएस-4 आणि बीएस-6 गाड्यांना वर्षाचा, जुन्यांना 6 महिन्यांचा. पीयूसी आहे म्हणून गाडी ‘फिट’ आहे असं समजणारे मालक आजही भेटतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम 56 नुसार फिटनेस नसलेल्या व्यावसायिक गाडीची नोंदणीच वैध धरली जात नाही. अपघात झाला तर विमा कंपनीला दावा नाकारायला आयतं निमित्त मिळतं.

परिवहन पोर्टलवर अर्ज, फी, स्लॉट. विमा, पीयूसी आणि कर पोर्टलवर दिसले पाहिजेत, नुसता हातातला कागद चालत नाही. केंद्रीय नियमात मुदत उलटल्यावर रोज 50 रुपये जादा आहेत. महाराष्ट्रात रिक्षा-टॅक्सीवाल्यांनी यावरून आंदोलनं केली, तेव्हा आज पोर्टल जो आकडा दाखवेल तोच धरा.

आता ब्रेक. रोलर मशीनवर एका अ‍ॅक्सलची दोन्ही चाकं चढतात आणि प्रत्येक चाकाचा जोर वेगळा मोजला जातो. गाडी ‘जागेवर थांबते’ हे इथे पुरत नाही, डावं-उजवं जवळपास सारखं लागतं. रस्त्यावर ड्रायव्हर नकळत स्टिअरिंग सावरतो, त्यामुळे फरक लपतो. मशीनला कोण सावरणार?

घरच्या घरी तपासता येतं. मोकळ्या सरळ रस्त्यावर ताशी 30च्या वेगात स्टिअरिंग सैल धरून ब्रेक दाबा. गाडी डावीकडे ओढली तर बिघाड बहुधा उजव्या बाजूला असतो, कारण डावा ब्रेक नीट काम करतोय. इथेच बरेच मेकॅनिक चुकतात: जोरात लागणारी बाजू सैल करून दोन्ही ‘सारख्या’ करतात. म्हणजे दोन्ही कमजोर. असं करू देऊ नका. आधी दोन्ही टायरची हवा सारखी करा, मग कमजोर बाजूचा ड्रम (चाकाबरोबर फिरणारी ब्रेकची वाटी) उघडा. व्हील सिलिंडर (ऑइलच्या दाबाने ब्रेकचे शू ड्रमवर ढकलणारा) पाझरतोय का, हबचं सील फुटून ग्रीस लायनरवर (शूवरच्या, ड्रमला घासणाऱ्या थरावर) आलंय का, अ‍ॅडजस्टर (शू आणि ड्रममधलं अंतर ठरवणारा) गंजून अडकलाय का, हे पाहा. ग्रीस प्यायलेला लायनर पेट्रोलने पुसून सुधारत नाही, बदलावाच लागतो. तोही एकाच चाकाचा नाही, त्या अ‍ॅक्सलच्या दोन्ही चाकांचा, एकाच कंपनीचा. सिलिंडरच्या आत खड्डे पडले असतील तर रबर सीलचं किट टाकून पैसे वाया घालवू नका, अख्खा सिलिंडर घ्या. ब्रेक ऑइलमधली हवा काढताना मास्टर सिलिंडरपासून (पेडल दाबल्यावर ऑइलला दाब देतो तो) सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात करा.

नवा लायनर ड्रमला बसायला 200-300 किलोमीटर लागतात. आदल्या संध्याकाळी लायनर टाकून सकाळी मशीनवर उभं राहणं म्हणजे स्वतःहून नापास होणं. काम 8-10 दिवस आधी उरका.

छोट्या टेम्पोवाल्यांसाठी एक खास गोष्ट. बऱ्याच गाड्यांत मागच्या ब्रेकचा दाब लोडनुसार बदलणारा व्हॉल्व्ह असतो. जादा माल भरायला मागे पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) वाढवले की भरलेली गाडीही मागे दबत नाही, व्हॉल्व्हला ती रिकामीच वाटते आणि मागचा ब्रेक कमी दाबाने लागतो. मग लायनर कितीही बदला. पाटे मूळ संख्येवर आणा किंवा व्हॉल्व्हचा रॉड माहीतगार माणसाकडून सेट करून घ्या. हँडब्रेक ढिला असेल तर आधी शू अ‍ॅडजस्ट करा, केबल नंतर. उलट केलं तर शू घासत राहतात.

बाकीचं थोडक्यात. हेडलाइटचा फोकस लावून घ्या. हॅलोजनच्या हेडलाइटमध्ये बाजारचे एलईडी बल्ब घातले असतील तर काढा, उजेड विखुरतो. चारचाकीच्या टायरची नक्षी 1.6 मिलिमीटरपेक्षा कमी नको. रेडियम पट्टी पुढे पांढरी, मागे लाल, बाजूला पिवळी. स्पीड गव्हर्नर (वेग ठरावीक मर्यादेत ठेवणारं यंत्र) लागणाऱ्या गाडीत त्याची वायर काढून ठेवली असेल तर जोडा, पकडलं जातंच. डिझेल गाडी इंजिन चांगलं गरम करून न्या आणि एअर फिल्टर आधी बदला. थंड इंजिन जास्त धूर सोडतं.

नापास झालीच तर कारण लेखी घ्या. ‘ब्रेक’ एवढ्यावर परतू नका, कोणत्या चाकाचा आकडा किती आला ते बघून घ्या, म्हणजे मेकॅनिक चारही ड्रम उघडून बिल वाढवणार नाही. पास झाली तर तिथेच चेसिस नंबर आणि ‘वैधता’ची तारीख आरसीशी ताडून पाहा. एक आकडा चुकला तरी दुरुस्तीसाठी पुन्हा अर्ज करावा लागतो.